लोकेशन बघायला कोकणात निघालात? आधी तिथी बघा

शॉर्टफिल्म करायची ठरली की मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, "कोकणात करू या, फ्रेम आपोआप चांगली येते." येते खरी, पण ती सकाळी साडेसातला येते. तुमची मंडळी घावणे-चटणी आटोपून अकराला किनाऱ्यावर पोचतात, तेव्हा पांढरंफटक ऊन असतं, भरतीचं पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असतं आणि उरलेल्या वाळूत पर्यटकांच्या गाड्यांची चाकं उमटलेली असतात. जागा तीच, पण सिनेमासाठी निकामी. म्हणून कोकणात लोकेशन बघायचं म्हणजे जागा आणि वेळ यांची जोडी जुळवायची. रेकीच्या, म्हणजे शूटिंगआधी जागा बघून येण्याच्या, वहीत नुसतं "वेळणेश्वर, छान" असं लिहून आणलंत, तर काहीच आणलं नाही.

हे सगळं चार-पाच मित्र, एक बरा कॅमेरा किंवा फोन, एक माइक आणि मोजके पैसे असलेल्यांसाठी आहे. मोठ्या युनिटला लोकेशन मॅनेजर असतो, आपल्याला आपणच असतो.

निघण्याआधी: पटकथा फाडून बघा

प्रत्येक प्रसंगासमोर चार गोष्टी लिहा: वेळ कुठली, पात्रं बोलतात की गप्प असतात, मागे काय दिसायलाच हवं आणि काय मुळीच दिसायला नको. समजा, मामा भाच्याला तरीवर, म्हणजे होडी लागते त्या जागी, सोडायला येतो आणि वाटेत दोघांत जमिनीवरून खटका उडतो. या प्रसंगाला "समुद्रकिनारा" लागत नाही. त्याला लागते दोघं शेजारी शेजारी चालू शकतील एवढी वाट, जिथे संवाद ऐकू येईल अशी शांतता आणि वाटेच्या टोकाला पाणी. एवढं कळलं की शोध किनाऱ्यावरून खाडीकाठच्या बांधावर येतो आणि निम्मी पायपीट वाचते.

हौशी फिल्ममध्ये किल्ला, सूर्यास्त आणि ड्रोनमधून दिसणारी नारळाची झाडं हे तिन्ही इतक्यांदा येऊन गेलंय, की गोष्टीला खरंच गरज नसेल तर मी तिन्ही खोडून टाकीन. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, दोन्ही बाजूंचे शेवाळलेले गडगे (दगड रचून केलेली कुंपणं), वाडीचं बेडं (फाटक), आगरातला पाट, खाजणातला (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला) बांध, सड्यावर (कातळाच्या माळावर) एकटाच उभा असलेला मांगर (शेतघर) यांच्याकडे कॅमेरा अजून पुरेसा वळलेला नाही. आणि इथे गर्दीही नसते.

मग नकाशावर एक मुक्काम ठरवा आणि त्याच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या परिघातच शोधा. उदाहरणार्थ, गुहागर तालुका घ्या. गुहागरचा लांबच लांब सरळ किनारा आणि त्याला लागून नारळी-पोफळीची आगरं, असगोलीची मच्छीमार वस्ती, पालशेतची खाडी, वेळणेश्वरचा चंद्रकोरीसारखा किनारा, हेदवीचा कातळ. उत्तरेला धोपावेहून दाभोळला आणि दक्षिणेला तवसाळहून जयगडला गाडीसकट फेरीबोट. एका मुक्कामातून पाच वेगळ्या गावांचा भास उभा करता येतो. दापोली तालुक्यात आंजर्ले-हर्णै-मुरुड किंवा मालवण-देवबाग-निवती अशीही झुपकी आहेत. पण अलिबागला एक सीन आणि वेंगुर्ल्याला दुसरा असा हट्ट धरलात, तर फिल्मपेक्षा डिझेलवर जास्त खर्च होईल.

कोण जाईल, कधी जाईल

दिग्दर्शक, कॅमेरावाला, आवाज बघणारा आणि पैशांचा हिशोब ठेवणारा, एवढे चौघे पुरे. आवाजवाल्याला घरी ठेवून गेलेली रेकी अर्धवट असते. दहा जण गेलात तर ती सहल होते, मग मासे कुठे चांगले मिळतात याचीच रेकी होते. पाचवा माणूस गावातला हवा. कुणाचा तरी मावसभाऊ, वर्गमित्र, निदान खोली भाड्याने देणारे काका.

शूटिंगच्या मोसमातच रेकी करा, हे मात्र अगदी पक्कं. सप्टेंबरात हिरवागार, रानफुलांनी भरलेला सडा मार्चमध्ये करडा-काळा कातळ होतो. जुलैत लावणीचं पाणी साठलेल्या खाचरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी होते, आणि उन्हाळ्यात तिथे पालापाचोळा जाळून केलेल्या भाजावळीचे काळे चौकोन आणि धूर असतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या असतात. दृश्य देखणं, पण तुमच्या गोष्टीत बंदरावरची लगबग असेल तर कामाचं नाही.

शिमगा आणि गणपती टाळा. पालख्या फिरत असताना किंवा घरी गणपती बसलेला असताना परवानगीचं बोलायला कुणालाच सवड नसते, आणि खोल्याही मिळत नाहीत. मे महिन्यात चाकरमानी आणि पर्यटक दोन्ही असतात. शिवाय मेच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळोख दिसतो. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा सर्वांत सोयीचा काळ.

भरती-ओहोटी: इथे घाई करू नका

रेकीचा निम्मा वेळ मी यावरच घालवीन, कारण बाकी सगळ्या चुका पैसे देऊन निस्तरता येतात, पाणी मागे घेता येत नाही.

दिवसात साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे फरक कमी. किनाऱ्यावरचा जुना ढोबळ हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तीच वेळ पहाटेही आणि दुपारीही, मग त्याच्या सहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब एकच. तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून अंदाज कालनिर्णयवरून बांधा आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या अंदाजावरून पक्की करा. उंच लाटांचे इशारेही हीच संस्था देते.

आता हा हिशोब कॅमेऱ्याच्या भाषेत मांडू.

अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सूर्यास्ताच्या सुमारास. तेव्हा किनारा रुंदावतो, ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब पडतं. प्रतिबिंबाची लांब चाल हवी असेल तर हेच दिवस. पौर्णिमेला वरून बोनस असतो: इकडे सूर्य बुडतो आणि तिकडे माडांच्या मागून चंद्र वर येतो.

अष्टमीला याच्या उलट. सूर्यास्ताला पाणी भरलेलं, वाळूची पट्टी अरुंद. लाटेच्या तोंडाशी उभं असलेलं, कोंडलेलं पात्र दाखवायचं असेल तर हीच तिथी बरी.

सकाळी पाऊलखुणा नसलेली कोरी वाळू हवी? तृतीया ते पंचमी निवडा. भरती पहाटे सव्वादोन ते पावणेचारला येऊन जाते, किनारा पुसून निघतो, आणि उजाडेपर्यंत पाणी बरंच खाली गेलेलं असतं. तुम्ही पहिले असाल. लाँग शॉट आधी घ्या, कारण एका टेकनंतर तुमच्याच नटाच्या खुणा वाळूवर राहतात.

खाडीत भरती वेगळी वागते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, होड्या कलंडतात, काही धक्क्यांना होडी लागतच नाही. मामा-भाच्याचा तरीवरचा निरोप घ्यायचा तर भरती पूर्ण होऊन पाणी ठरतं, तेवढ्या वेळात घ्या. होडी स्थिर राहते आणि पाण्यावर माडांचं प्रतिबिंबही मिळतं.

सलगतेचा प्रश्नही इथेच येतो. आज पाचला अर्धा सीन आणि उद्या पाचला उरलेला असं केलंत तर मागची वाळू वेगळी दिसते, आणि चार दिवसांनी तर ओळखूच येत नाही. काही राहिलंच तर पुढच्या पंधरवड्यात त्याच तिथीला या, त्याच वेळी पाणी साधारण त्याच रेषेवर भेटेल.

एक इशाराही देऊन ठेवतो. हेदवीची बामणघळ म्हणजे कातळातली अरुंद चीर, भरतीच्या लाटा तिच्यात घुसून उंच उसळतात. तो फवारा कॅमेऱ्याला फार मोह घालतो. नटाला तिच्या काठावर उभं करू नका. लाट येताना लांबून चित्रित करा आणि माणूस वेगळ्या शॉटमध्ये घ्या, एडिटला जोडता येतं. कुठल्याही ओल्या कातळावर हाच नियम, आणि परत यायची वाट भरतीला बुडते का, हे ओहोटीला आत जाण्याआधीच विचारा.

उन्हाची दिशा

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे गणित सोपं आहे. मागे समुद्र आणि चेहऱ्यावर उजेड हवा असेल, तर सकाळ. संध्याकाळी तीच फ्रेम लावलीत तर सूर्य पात्राच्या मागे जातो आणि चेहरा काळा पडतो. सावलीचित्र हवं असेल तर ठीक, नाहीतर थर्माकोलचं बोर्ड धरून एक मित्र घामाघूम होणार. पण सकाळचं ऊन किनाऱ्यावर उशिरा उतरतं, कारण पूर्वेला डोंगर आणि वर माडांची रांग. पंचांगात सूर्योदय पावणेसातला असेल, तरी वाळूवर ऊन कधी पडतं ते स्वतः उभं राहून घड्याळ बघून लिहा.

संध्याकाळची सर्वांत चांगली फ्रेम बहुतेकदा समुद्राकडे पाठ केल्यावर मिळते. पात्र समुद्राकडे बघतंय, चेहरा सोनेरी, मागे माड आणि कौलं. सगळे मोबाइल सूर्याकडे वळलेले असतात तेव्हा तुम्ही उलटे वळा.

सूर्य वर्षभर एकाच जागी बुडत नाही. समुद्राकडे तोंड केलं तर डिसेंबरात तो डावीकडे, जूनमध्ये उजवीकडे सरकतो, आणि दोन टोकांत जवळजवळ ५० अंशांचा फरक असतो. दोन्ही बाजूंनी डोंगराची टोकं पुढे आलेल्या छोट्या किनाऱ्यावर त्यामुळे काही महिने सूर्य पाण्यात न बुडता डोंगराआड जातो. फोनमधल्या सूर्यमार्ग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर शूटिंगची तारीख टाकून जागेवरच बघा. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या सुमारास असतो, जूनअखेरीस सव्वासातच्या. या तासाभराच्या फरकावर दिवसाचं सगळं वेळापत्रक हलतं.

डोळे मिटून दोन मिनिटं

जागा आवडली की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. गाज तर आहेच, पण त्याखाली काय काय आहे? होडीचं इंजिन, लांबच्या देवळातला लाउडस्पीकर, आंब्याच्या बागेतला फवारणीचा पंप, घाटीवर गिअर बदलणारी एसटी. फोनवर मिनिटभराचं ध्वनिमुद्रण करा आणि रात्री हेडफोन लावून ऐका. समुद्राची गाज संवादाच्या तुकड्या-तुकड्यांत वेगळी येते आणि एडिटला सांधे ऐकू येतात. म्हणून लांब संवाद थेट किनाऱ्यावर ठेवूच नका. ते आगरात, पाखाडीत किंवा गडग्याच्या आडोशाला आणा, समुद्र फक्त ऐकू येऊ दे.

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. शाळेत शिकलो होतो ते मतलई आणि खारे वारे. पहाटे जमिनीकडून हलका वारा, दुपारकडे समुद्राकडून जोराचा. माइकला केसाळ कव्हर असलं तरी दुपारी किनाऱ्यावर साडीचा पदर आणि नटाचे केस सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. संवादाचे सीन दहाच्या आत उरका.

जागेवर काय काय नोंदवायचं

सुंदर फोटो काढायची हौस आधीच भागवून घ्या. मग कामाचे फोटो: मित्राला पात्राच्या जागी उभं करून, ज्या उंचीवर कॅमेरा असेल त्या उंचीवरून, आडवे. नंतर तिथेच उभं राहून चारही दिशांना एकेक. कॅमेऱ्यामागे काय आहे हे कुणीच टिपत नाही, आणि उलटा शॉट लावायची वेळ आली की मोबाइलचा टॉवर किंवा दाभोळच्या वीजप्रकल्पाची धुराडी फ्रेममध्ये येतात. फोटोसोबत तारीख, तिथी, वेळ, आणि पाणी कुठवर होतं ते. त्याच जागी सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा जा.

मग कमी रोमँटिक यादी. गाडी कुठवर येते आणि तिथून सामान किती चालत न्यायचं. सावली कुठे. मुलींना कपडे बदलायला आणि सगळ्यांना शौचालयाला कुणाचं घर उघडं मिळेल, हे आधीच विचारा, शूटिंगच्या सकाळी नव्हे. बॅटरी चार्ज करायला प्लग कुठे आणि वीज जाते ती साधारण कधी. रेंज कुठल्या कंपनीची. फेरीबोटीची शेवटची फेरी कितीला. प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब. रुग्णवाहिकेसाठी १०८. सड्यावर आणि दगडांच्या ढिगात फुरसं हा विषारी साप असतो, दगडाच्याच रंगाचा, दिसत नाही. बूट घालून फिरा आणि गडग्याच्या फटीत हात घालू नका.

कॅमेऱ्याबद्दल दोनच गोष्टी. एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढला की लेन्सवर धुकं धरतं, म्हणून अर्धा तास आधी बॅगेसकट बाहेर ठेवा. आणि वाळूत रोवलेला ट्रायपॉड त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पायांचे स्क्रू मिठाने अडकतात.

परवानगी: कागद थोडे, माणसं जास्त

कोकणात अनोळखी माणसाला पहिला प्रश्न येतो, "कोणाकडे आलात?" याचं उत्तर तयार ठेवा. सोबत गावातला माणूस असला की पुढची सगळी बोलणी मऊ होतात. १९९३ मध्ये स्फोटकं शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली, २००८ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले. त्यामुळे किनाऱ्यावर रात्रीअपरात्री बॅगा घेऊन फिरणाऱ्यांकडे लोक आणि सागरी पोलीस दोघंही लक्ष ठेवून असतात, आणि ते बरोबरच आहे. ग्रामपंचायतीला एक साधा अर्ज: कोण, किती जण, कुठल्या तारखा, काय चित्रित करणार. त्याची शिक्का मारलेली प्रत जवळ. तीच पोलीस ठाण्यातही द्या. गोष्टीत मारामारी, खोटं हत्यार किंवा बुडण्याचा प्रसंग असेल तर तोंडीही सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी खरंच फोन करतं.

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. फोनवर फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड लावून चित्रीकरण वेगळं. त्याला आधी परवानगी आणि शुल्क लागतं. सरकारी जागांसाठी राज्याची एक खिडकी योजना आहे, ती चित्रनगरी महामंडळ बघतं. जेटी असेल तर सागरी मंडळ, खाडीकाठची कांदळवनं (खारफुटी) असतील तर वनखातं. फ्रेममध्ये येते म्हणून कांदळाची फांदी तोडलीत तर तो गुन्हा आहे. वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं बाहेर पडतात. त्या दिवसांत रात्री वाळूवर दिवे लावू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि वाट चुकतात. तिथली रात्र कासवमित्रांना विचारूनच ठरवा.

ड्रोन न्यायचाच असेल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर जागा कुठल्या रंगात येते ते घरूनच बघा. चिपी आणि रत्नागिरीचे विमानतळ, बंदरं, वीजप्रकल्प हे सगळं याच पट्ट्यात आहे.

खरी कसोटी मात्र खासगी जागेची. जुनं कौलारू घर सापडतं. पुढे खळं (सारवलेलं अंगण), मग ओटी, पडवीत झोपाळा, लाकडी खांबांवर तेलकट चकाकी. आजी सुपारी कातरत बसलेल्या असतात आणि हसून म्हणतात, "काढा की फोटो. पण घर सामाईक आहे हो. दिराच्या मुलांना विचारायला हवं. एक ठाण्याला असतो, एक पुण्यात." हे वाक्य ऐकलं की समजा, होकार अजून मिळालेला नाही. सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीवर ज्यांची नावं आहेत त्यांतल्या निदान कर्त्या माणसांशी फोनवर बोला. भावकीत वाद चालू असेल तर घर कितीही सुंदर असो, सोडून द्या. तुमच्या ओळखीतल्या एका ग्रुपला दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप लावलेलं दार दिसलं, असं कुणीतरी सांगितलंच असेल तुम्हाला. ते खोटं नसतं.

देवळाच्या आवारात गुरव आणि गावकऱ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा उघडू नका. पटकथेत देवाबद्दल काही तिरकं असेल तर तेही आधी सांगा. आंब्याच्या बागेत मोसमात राखण असते, मालकाला फोन करून जा. आणि शक्य असेल तर ग्रामदेवतेपुढे एक नारळ ठेवा. श्रद्धा असो-नसो, नारळ ठेवलेला गावाला दिसतो.

घरी परतल्यावर

त्याच आठवड्यात सगळ्यांनी एकत्र बसून फोटो मोठ्या पडद्यावर बघा. प्रत्येक सीनला एक पहिली जागा आणि एक पर्यायी, आणि पर्यायी जागा पाऊस-वारा-गर्दी चालणारी हवी: पडवी, मांगर, एसटीची निवाऱ्याची शेड. ज्या जागेवरून दिग्दर्शक आणि आवाजवाला भांडतात, तिथे मी आवाजवाल्याचं ऐकेन. फ्रेम बदलून सावरता येते, बिघडलेला संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करायला हौशी फिल्मकडे ना स्टुडिओ असतो ना नटाच्या तारखा.

मग शूटिंगची तारीख. आधी तिथी ठरवा, मग तिला लागून येणारा शनिवार-रविवार शोधा, नटांच्या सुट्ट्या शेवटी. उलट क्रमाने गेलात तर भरती तुमच्या नटांची सुट्टी बघून येणार नाही.

घराचं किंवा होडीचं भाडं रेकीतच ठरवा आणि कागदावर घ्या: किती तास, कुठल्या खोल्या, वीज वापरायची की नाही, काही मोडलं तर कोण भरणार, फिल्म यूट्यूबवर किंवा महोत्सवात गेली तर मालकाची हरकत आहे का. होडीवाल्याचा दिवस बुडतो तेव्हा त्याची मासेमारी बुडते. त्यामुळे "थोडा वेळच लागेल" म्हणून फुकट मागू नका, पूर्ण फेरीचे पैसे द्या आणि लाइफजॅकेट किती आहेत ते मोजून घ्या. निम्मी रक्कम आगाऊ दिली की तारीख पक्की धरतात. शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायत, घरमालक, होडीवाला आणि गावातला तुमचा माणूस या चौघांना फोन करा, आणि सकाळी किती वाजता, किती जण, किती गाड्या घेऊन येताय ते नेमकं सांगा.